बल्ब पेटला, चाक थांबलं नाही

ती घटना आठवली की आजही माझा आवाज चढतो. पोरांनो, नोकरीत मी चोरांशी भांडले त्याहून जास्त 'आता मिटवा की' म्हणणाऱ्यांशी भांडले.

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि जिल्ह्यात बाई फौजदार मी एकटीच. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, उंद्रीजवळच्या उतारावर, रोड रोलर लादलेल्या ट्रेलरने त्याला ओढणाऱ्या ट्रकलाच मागून रेटत नेलं. ट्रकखाली एक बैलगाडी आली. गाडीवान दगावला. ड्रायव्हरला अटक झाली. गुन्हा शाबीत झाला असता तर त्याला तुरुंग होता आणि लायसन कायमचं गेलं असतं.

ट्रेलर रस्त्याच्या ठेकेदाराचा, परदेशी बनावटीचा होता, त्याचे ब्रेक विजेवर चालायचे. ट्रकच्या बॅटरीतून करंट गेला की चाकातलं चुंबक चाक धरायचं. ठेकेदाराच्या मिस्त्रीने पंचांसमोर वायरीला बल्ब लावला. लख्ख पेटला.

"करंट येऊन राह्यला बाई. यानं ब्रेक दाबलाच नसंन."

पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं. साहेब म्हणाले, "दोषारोपपत्र तयार करा."

दुसऱ्या दिवशी रस्त्याकाठी वांगी लावणारी एक बाई पाटी घेऊन ठाण्यात आली.

"पोलीस तुमीच का वं? मले वाटलं नर्सबाई बसली."

"पोलीसच. बोला."

"त्या डायव्हरले काऊन धरलं? उताराच्या वरतूनच ट्रकच्या मांगचा लाल दिवा पेटेल होता. म्या वावरातून पाह्यलं."

तो दिवा ब्रेक दाबल्याशिवाय पेटत नाही. मी ड्रायव्हरला कोठडीतून बोलावलं.

"दाबला होतास ना? मग बोलला का नाहीस?"

"जीव खाऊन दाबला बाई. पण मिस्त्री म्हणते ब्रेक चांगला हाय. मंग माह्याच पायाचं चुकलं असंन."

"दसऱ्याआधी ब्रेक नीट धरायचा?"

"धरे ना! कपाळ काचेले लागे असा धरे."

"दसऱ्याला काय केलंत?"

"काई नाही. सारं खोललं, पुसलं, रंग देला, हार घातला, पूजा केली."

ट्रकच्या डब्यात ट्रेलरची इंग्रजी पुस्तिका होती, घडीही न मोडलेली. मी ती वाचून काढली. करंट वायरीने जातो, पण परतताना ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्यातून येतो. सांगाड्यापासून ट्रकला जाणारी परतीची, म्हणजे अर्थची, वायर उघड्या लोखंडाला टेकलेली हवी. पुस्तिका घेऊन मी साहेबांकडे गेले.

"बाई, आता मोटारीपण दुरुस्त करणार का?"

"नाही साहेब. फक्त या दोषारोपपत्रावर सही करणार नाही."

दोन दिवसांनी मोटार निरीक्षक आणि पंच यांच्यासमोर एक चाक जॅकवर उचललं. हाताने फिरवलं. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं. मिस्त्रीने पुन्हा बल्ब पेटवून दाखवला.

"बल्बची दुसरी वायर कुठे टेकवलीत?"

"ट्रकच्या बॉडीले."

"ट्रेलरच्या सांगाड्याला टेकवा."

बल्ब विझला. हुकापासून मागच्या टोकापर्यंत लाल रंगाचे दोन जाड हात होते. अर्थचा बोल्ट खोलला, तर वायरीखालीही तोच रंग, आणि रंगातून करंट जात नाही. कानशीने तेवढी जागा घासून घेतली, बोल्ट आवळला आणि चाक फिरवलं. ब्रेक दाबताच ते गचकन थांबलं.

ड्रायव्हर खाली उतरून बोल्टपाशी आला. "बाई, रंग तं म्याच देला होता."

"रंग तू दिलास. वायर परत कुणी जोडली? चाक फिरवून कुणी पाहिलं?"

मिस्त्रीने कानशी खाली ठेवली. मग म्हणाला, "मालक म्हणे, काम खोळंबलं, लाव आन काढ गाडी."

मी जबाब शब्दाशब्दाने लिहून घेतला. ड्रायव्हरचं नाव वगळून मिस्त्री आणि ठेकेदार यांच्याविरुद्ध कागद केले. साहेबांनी ते वाचून चष्मा काढला.

"ठेकेदाराचे हात लांब आहेत. बदली होईल तुमची."

"होऊ द्या साहेब. सामान कमी आहे माझं."

ड्रायव्हर सुटला. महिन्याच्या आत मी जळगाव जामोदला होते.

त्याआधी गाडीवानाच्या घरी मी जाऊन आले होते. त्याच्या बायकोने एवढंच विचारलं, "आता तरी खऱ्यालेच धरलं ना बाई?" मी मान वर ठेवून हो म्हणू शकले. पहिल्याच कागदावर सही केली असती तर तिच्या दारात उभं राहायला मला तोंड उरलं नसतं.

माणसं खोटं बोलतात त्याहून जास्त वेळा अर्धंच तपासतात आणि उरलेल्या अर्ध्याची शिक्षा गरीब भोगतो. पोरांनो, तुम्ही दूर शहरांत आहात, उद्या मोठ्या जागी नोकऱ्या कराल. तुमच्यापुढेही तयार कागद येतील आणि वरून घाई असेल. बदली झाली तर घर पुन्हा मांडता येतं. खोटी सही मागे घेता येत नाही.