ब्याऐंशीला उघडतो

रविवारी दुपारी बायको मुलांना घेऊन उधन्याला माहेरी गेली, की मी स्वयंपाकघरात पातेलं चढवतो आणि पाण्यात इंजिनाचा एक जुना भाग उकळत बसतो. तिला हे ठाऊक आहे. पातेल्यावर तेलाचा तवंग दिसला की ती भांडी आपटत घासते आणि शेजारणीला सांगते, आमच्या ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. खरं कारण तिला माहीत नाही. आईला तिच्या शेवटच्या दुखण्यातही मी ते सांगितलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच.

आमचं गॅरेज भेस्तानला. मालक आप्पा, शिरपूरकडचे. मेस्त्री आम्ही दोघं, मी आणि हिंमतभाऊ. हिंमतभाऊ माझ्याच गावचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मला सुरतला आणलं त्यानं, पाना धरायला शिकवलं त्यानं. आणि त्याचे कान — काय सांगू! गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच तो हात पुसत म्हणायचा, टर्बोचा दांडा हलतोय. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. भयंकर वेगानं फिरतो आणि तेलाच्या पातळ थरावर जगतो. तेल फार तापलं की त्याचा निकाल लागतो.

म्हणून शौकीन लोक तेलासाठी वेगळा कूलर बसवून घेतात, आणि त्याच्या तोंडाशी थर्मोस्टॅट. वॉचमनच म्हणा. तेल गार असताना दार बंद ठेवायचं, ठरलेल्या डिग्रीला उघडायचं, म्हणजे तापलेलं तेल कूलरमधून फिरून निवतं. आप्पांनी यासाठी एक रीत घालून दिली होती. थर्मोस्टॅट जो निवडेल, त्यानं तो तपासायचा नाही. दुसऱ्यानं तो पाण्यात तापवायचा, थर्मामीटर धरून कितीला उघडतो ते बघायचं आणि मागच्या भिंतीवर खडूनं आकडा लिहायचा, शेजारी स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर. माणसाचा आपल्या निवडीवर जीव जडतो, त्याला तिची खोट दिसत नाही, असं आप्पा म्हणायचे. मला तेव्हा हा म्हातारचळ वाटायचा.

कतारगामच्या एका हिरेवाल्याचा मुलगा, जिग्नेशभाई, आपली टर्बोवाली गाडी घेऊन आला. हिंमतभाऊनं त्याला नेहमीचा थर्मोस्टॅट सुचवला, काळा, बोजड, आम्ही दहा गाड्यांना लावलेला. मी मोबाइल पुढे केला. निळा, चकचकीत, खोक्यावर ब्याऐंशी डिग्री छापलेली. या विषयातलं आपल्यालाच कळतं, अशा थाटात मी बोलत सुटलो. जिग्नेशभाई हसून म्हणाला, "जे सारुं होय ते नाखो." जे चांगलं असेल ते टाका, आणि बघत होता माझ्या मोबाइलकडे. म्हणजे मीच जिंकलो. हिंमतभाऊनं वाद घातला नाही. त्यामुळे मी आणखीच फुगलो.

निळा तुकडा आला त्या दिवशी हिंमतभाऊची मुलगी तापानं फणफणली होती. तो दुपारी बमरोलीला खोलीवर गेला, तपासणी मागे ठेवून. मी थांबू शकलो असतो, नाही का? संध्याकाळपर्यंत तर थांबायचं होतं. पण माझी निवड उघडताना मला बघायची होती. मी पाणी चढवलं.

ब्याऐंशी झाले. तुकडा गप्प. नव्वद झाले. पाणी खळखळा उकळायला लागलं, पातेलं थरथरायला लागलं, वाफेनं माझा चष्मा आंधळा झाला — आणि तो तळाशी तसाच, दार घट्ट मिटून. गॅरेजमध्ये तेव्हा कुणी नव्हतं. तरी पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं मला सारखं वाटत होतं. मी दोनदा वळून पाहिलं.

आता सांगतो. मी तो तुकडा चिमट्यानं बाहेर काढला, पुसला, आणि तेलकट बोटांनी भिंतीवर लिहिलं — हि ८२.

होय, हि. माझं नाव कैलास. पण रीतीप्रमाणे माझं अक्षर तिथे चाललं नसतं.

हिंमतभाऊ परत आला. "कितलाले उघडना?" त्यानं आमच्या अहिराणीत विचारलं. ब्याशीले, मी म्हणालो. त्यानं भिंतीकडे पाहिलं. "मनं नाव लिखी टाकं?" माझंच नाव लिहून टाकलंस, म्हणून हसला आणि ते अक्षर तसंच राहू दिलं. माझ्या शब्दावर राहू दिलं, हे तुमच्या लक्षात येतंय ना? गाडी आम्ही गावात फिरवून पाहिली. तेवढ्यात तेल तापतंय कुठे?

पुढच्या आठवड्यात जिग्नेशभाई आईला घेऊन सापुताऱ्याला निघाला. घाटात टर्बो जागच्या जागी आवळला, तेलाची नळी फुटून तेल तापलेल्या लोखंडावर उडालं आणि बॉनेटखाली आग लागली. दोघं बाहेर पडली, पण म्हातारीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. गाडी टोचन करून आमच्याकडे आणली. मीच ती खोलली. कूलरकडे जाणारे पाइप आतून कोरडे होते, तेल तिकडे कधी गेलंच नव्हतं. निळा तुकडा मी खिशात घातला आणि जळून गेला म्हणून सांगितलं.

आप्पा भिंतीसमोर उभे राहिले. "हिंमत, हे अक्षर तुनंच ना?"

हिंमतभाऊनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तो वाट बघत होता. मी पाना पुसत होतो, आधीच स्वच्छ असलेला पाना. किती वेळ गेला असेल? मला विचाराल तर तो वेळ अजून संपलेला नाही.

"अक्षर मनंच शे, आप्पा," तो म्हणाला.

त्याच दिवशी तो गेला. बाईला भाजवणारा मेस्त्री म्हणून नाव झालं, कुठल्याच गॅरेजनं त्याला दारात उभं केलं नाही. तो बमरोलीत कापडाच्या लूमवर लागला. बारा तास खडखडाट, दिवसामागून दिवस. तो माणूस — ज्याला गल्लीच्या तोंडाशी टर्बो ऐकू यायचा! चार-पाच वर्षांत त्याचे कान गेले.

हिंमतभाऊनं गॅरेज सोडल्यावर महिन्याभरानं मी घरी तुकडा पुन्हा उकळला. मिटलेलं दार पाहिलं की निदान डोळ्यांतून पाणी येईल, असं काहीतरी डोक्यात होतं. ब्याऐंशीला तो टक् करून उघडला.

पुन्हा उकळला. ब्याऐंशी. थर्मामीटर बदलला. ब्याऐंशी. आत लोखंडाचा कीस अडकला असेल, नंतर सुटला असेल, असं मेस्त्रीचं डोकं सांगतं. असेल. पण अकरा वर्षांत तो एकदाही चुकला नाही. मी लिहिलेलं खोटं तो खरं करत राहिला. गॅरेजची भिंतही तशीच. दर दिवाळीला चुना देतो, बाकी सगळे आकडे पुसले गेले, आणि पावसाळ्यात ओल धरली की त्या एका जागी तेलाचा डाग वर येतो, अक्षरासकट. मला त्या भिंतीकडे पाठ करून काम करता येत नाही.

गेल्या माघातला रविवार. पातेलं गॅसवर, मी वाकलेला. मागे कुणीतरी आहे असं वाटलं, त्या दिवशीसारखंच. मी वळलो नाही, भास म्हणून सोडून दिलं. मग खांद्यावर हात पडला.

हिंमतभाऊ. केस पांढरे. हातात लग्नाची पत्रिका, त्याच मुलीची, जिला तेव्हा ताप आला होता. तो पातेल्यात बघत होता. निळा रंग उडालाय, तरी त्यानं तुकडा ओळखला. त्यानं पाणी ओतून दिलं, नवं गार पाणी घेतलं, माझ्या हातातून थर्मामीटर काढून घेतला. रीतीप्रमाणे दुसऱ्यानं तपासायचं असतं, ते अकरा वर्षांनी झालं. मी ओट्याला टेकून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, उघडू नकोस. एकदा तरी उघडू नकोस.

ब्याऐंशीला तो उघडला.

जळाला म्हणून सांगितलेला तुकडा माझ्याकडे कसा, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. हिंमतभाऊचे डोळे भरून आले. बहिरी माणसं मोठ्यानं बोलतात, सगळ्या चाळीला ऐकू गेलं असेल. "इतला वरीस मना मनमा तुनावर शक व्हता, कैलासभाऊ. चुकनू मी. माफ कर माले." चार वर्षांनी मोठा माणूस मला भाऊ म्हणाला आणि त्यानं हात जोडले.

बहिऱ्याला नाही म्हणायला आवाज लागत नाही. मान आडवी हलवली असती तरी पुरलं असतं.

मी त्याचे हात धरले आणि मान उभी हलवली.

मुलीला सख्खा मामा नाही. लग्नात हिंमतभाऊनं मला मामा म्हणून तिच्या मागे उभं केलं. मी उभा राहिलो.