स्वल्पविराम आणि उभी रेघ

मिस्सा संपताना फादरांनी सूचना केली, "पापनिवेदन बुधवारी किंवा गुरुवारी." तो 'किंवा' कानावर पडला आणि झ्लात्काच्या काळजात चर्र झालं.

कोशित्से शहरातली ही बाई फावल्या वेळात लिनक्ससाठी एक वेब ॲप्लिकेशन पॅकेज करून, म्हणजे कुणालाही आपल्या मशीनवर सहज बसवता येईल असं बांधून देई. रक्तदात्यांना वेळ नेमून देणारं. असं पॅकेज कुठल्याही वेब सर्व्हरबरोबर चालायला हवं. सर्व्हर म्हणजे दारावरचा माणूस. तो घरमालकानं, म्हणजे मशीन ज्याचं त्यानं निवडायचा, पॅकेजवाल्यानं नाही. म्हणून काय काय लागतं त्या ओळीत आधी 'अपाचे' हे एका सर्व्हरचं नाव, मग उभी रेघ, मग 'कुठलाही सर्व्हर' असं लिहितात. रेघ म्हणजे 'किंवा'. स्वल्पविराम म्हणजे 'आणि'.

काल नवी आवृत्ती पाठवताना आपण काय टाकलं?

घरी येऊन तिनं कोटही न काढता ओळ पाहिली. स्वल्पविराम!

तिचं पॅकेज वापरणाऱ्या रक्तपेढीचं मशीन वोय्तेखकाका सांभाळत. तिथं दारावर दुसराच सर्व्हर होता. तिनं फोन लावला.

"काय गं पोरी, रविवारचं सूप सोडून माझी आठवण?"

"काका, नवं पॅकेज घेतलंत?"

"सकाळीच. अपाचेही आलाय बोलावल्यासारखा. पण पान उघडतंय. जेवून एकदा बंद-चालू करतो मशीन."

"हात लावू नका! जुना आधीपासून दारात उभा आहे म्हणून चालतंय. बंद करून चालू केलं की अपाचे आधी घुसेल, जुना बाहेर राहील, आणि आपलं पान फक्त जुन्यालाच ठाऊक आहे. उद्या सकाळी दाते पान उघडतील कसे?"

"मग अपाचेला हाकलतो."

"तो गेला तर माझं पॅकेजही जाईल. तो हवाच, असं मीच लिहून बसलेय."

"शाब्बास! पाहुणा आणलास तोही घरजावई."

झ्लात्कानं फोन ठेवला. तिनं रेघ घातली आणि रिकाम्या मशीनवर एकेक सर्व्हर लावून पाहिला. बदलांच्या नोंदीत लिहिलं, 'चूक माझी.' पाठवलं. आता ते सगळीकडे पोचेपर्यंत वाट बघायची. तोवर रक्तपेढीची वीज गेली तर? सूप गार झालं. ती जपमाळ ओढत राहिली, मणी कुठला हेही विसरली.

दुपार कलताना काकांचा फोन आला.

"नवं घेतलं. अपाचेला निरोप दिला. आता करू बंद-चालू?"

"करा," ती म्हणाली, आणि फोन कानाला तसाच धरून बसली.

 मग काकांच्या खुर्चीची करकर ऐकू आली.

"उघडलं बघ. जा, सूप गरम कर."