हळदीचं बोट

आमच्या सणसरच्या हिंदुरावांची मुलगी छकुली. हे तिचं लाडाचं नाव नव्हे, दाखल्यावरचं आहे. पहिलीत नाव घालताना मी विचारलं, "खरं नाव काय लिहू?" हिंदुराव म्हणाले, "हेच खरं, गुरुजी. दुसरं ठेवलंच न्हाय." त्यामुळे आज बारामतीच्या संशोधन केंद्रात मोठमोठे डॉक्टरेटवाले तिला 'मिस छकुली' अशी गंभीर हाक मारतात आणि तीही तितक्याच गंभीरपणे वळून बघते.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ती जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली, तेव्हा हिंदुरावांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभं राहून जाहीर केलं, "पोरगी शोध लावती." प्रत्यक्षात अख्खा पावसाळा तिनं काचेची भांडी धुतली. तिथली रीतच तशी. नवीन माणूस आलं की जुन्याचे हात कोरडे होतात. तिची आई द्वारकाबाई मला म्हणाली, "घरी ताट विसळ म्हणलं की हिला अभ्यास असतो. तितं दिवसभर भांडी घासती, आन त्यालाच अभ्यास म्हणती!"

विभागप्रमुख विजयमाला मॅडम. त्या प्रयोगशाळेत येत त्या फक्त पाहुण्यांना घेऊन. बाकी कारभार लोणी भापकरच्या दीपककडे. त्याची पीएच.डी. इतकी वर्षं चालू आहे की तिथल्या निम्म्या यंत्रांना तो सीनियर आहे.

काम होतं मातीचं. मातीत एक एन्झाइम असतं, त्याच्यामुळे पिकाला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मिळतो. मातीत ठरावीक रसायन घालायचं, वर येणारं पिवळं पाणी छोट्या चौकोनी नळीत भरायचं आणि नळी यंत्रात ठेवायची. यंत्र नळीच्या मधून उजेड सोडतं आणि पाणी किती पिवळं ते सांगतं. जितकं पिवळं, तितकी माती चांगली. दसऱ्याच्या सुट्टीआधी लोणी भापकर आणि वरकुट्याची माती मोजून झाली. राहिली सणसरची, म्हणजे हिंदुरावांच्याच रानातली.

मध्ये खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा करायचं काम साहजिकच सर्वांत नवीन मुलीकडे. दीपक म्हणाला, "छकुले, काही राहायला नको बघ." घरी ट्रॅक्टरपासून खुरप्यापर्यंत सगळ्याला हळद-कुंकू लावणारी ही पोरगी. तिनं यंत्रांना लावलं, फ्रिजला लावलं आणि डब्यातल्या एकेका प्लॅस्टिकच्या नळीलाही हळदीचं बोट लावलं. कपाळावर लावतात तसं, बरोबर मधोमध. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसलं. प्लॅस्टिकवरची हळद पुसून कुठं जाते?

सुट्टीनंतर सणसरची माती मोजली आणि आकडा असा काही चढला की मॅडम पाहुण्यांशिवाय प्रयोगशाळेत आल्या. "छकुली बेटा," म्हणाल्या, "पुण्याच्या परिषदेत हाच निबंध वाचते मी. तुझं नाव घालू. पीएच.डी.साठी माझ्याकडेच ये."

बातमी फाट्यावर पोचली आणि तिथे फ्लेक्स लागला, 'सणसरची शास्त्रज्ञ'. शुभेच्छुकांचे फोटो तिच्या फोटोपेक्षा मोठे. शेजारच्या रानातल्या झुंबरतात्यांनी हिंदुरावांच्या बांधावरून पाटीभर माती उचलून स्वतःच्या उसात विरजणासारखी टाकली. सत्काराचा रविवार ठरला. दोन शब्द बोलायला मला सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी छकुली माझ्या घरी आली. पाणीही प्यायली नाही.

"गुरुजी, घोटाळा झालाय. त्याच नळ्यांत काल नुसतं पाणी भरून बघितलं. पाणीबी सुपीक निघालं."

"मग यंत्राला आधी कसं कळलं नाही?"

"यंत्राला आधी शून्य दाखवायची साध्या पाण्याची नळी दीपकदादांच्या कुलपात असती. तेवढीच हळदीवाचून राहिली, म्हणून हळदीचं पिवळं मातीच्या नावावर चढलं."

"दीपकला सांगितलंस?"

"ते म्हणाले, ज्या आकड्यावर सगळे खूश हायत तो परत मोजायचा नसतो. मॅडम म्हणाल्या, परिषद होऊ दे, मग 'पुढील संशोधनात' लिहू. उद्या बोलले तर तितली जागा गेली, गुरुजी."

"आणि नाही बोललीस तर?"

ती म्हणाली, "आबांनी तो आकडा ऐकून यंदा उसाला खत न घालायचं ठरवलंय."

रविवारी मारुतीच्या पारासमोर मांडव होता. हिंदुराव नवा फेटा बांधून पुढे बसले होते. शाल-नारळ हातात आल्या आल्या छकुलीनं माइक धरला, आणि माझे दोन शब्द माझ्याकडेच राहिले. हळद कुठे लागली, कशी लागली, पाणी कसं सुपीक निघालं, सगळं तिनं सांगितलं. "चूक माझी हाय," म्हणाली, "हळद मीच लावली."

मग झुंबरतात्या उठले. "म्हंजे मी पाटीभर नुसती मातीच वाहिली व्हय?"

"व्हय. आता परत आणून टाक," हिंदुराव म्हणाले. लोक हसले, पण हिंदुरावांचा चेहरा उतरला होता. त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं, "छकुले, आपलं रान वाईट हाय का मग?"

"वाईट न्हाय, आबा. अजून मोजलंच न्हाय."

हिंदुराव म्हणाले, "मग मोज की. आन तवर मी खत घालतो." आणि टाळी पहिल्यांदा त्यांनीच वाजवली.

मॅडमनी परिषदेत सणसर वगळून निबंध वाचला. छकुलीचं नाव त्यात नव्हतं, आणि पीएच.डी.चं आता 'पुढच्या वर्षी बघू' झालंय. प्रकल्प तेवढा पुरा करू दिला. नव्या नळ्यांत माती मोजली तेव्हा सणसर वरकुट्याच्या पुढे आणि लोणी भापकरच्या मागे आलं. एखाद्या निकालानं दीपकला इतका आनंद झालेला कुणी पाहिला नव्हता. फ्लेक्स अजून आहे. फोटो चांगले आलेत म्हणून शुभेच्छुक काढू देत नाहीत.

छकुली तिथेच मदतनीस म्हणून राहिली. यंदा मोना नावाची नवी मुलगी आली, तरी नळ्या छकुली स्वतःच धुते. द्वारकाबाईंनी हे ऐकून कपाळाला हात लावला.

खंडेनवमीला मोना हळद-कुंकवाचं ताट घेऊन यंत्रांपाशी आली. छकुलीनं तिला टेबलाचे पाय दाखवले.

"हितं लाव. मनापासून लाव. आन तो नळ्यांचा डबा माझ्याकडं दे."