अल्लाबक्ष मिस्त्रीचे बावन्न फूट

आमच्या वाडीत घराच्या परसात संडास बांधणारा पहिला माणूस म्हणजे अल्लाबक्ष मिस्त्री. साल चव्वेचाळीस. श्रीगोंद्यापासून चार कोसांवरची आमची वाडी, साठ-सत्तर उंबरा, आणि झाडून सगळी माणसं लोटा घेऊन ओढ्याकडं जाणारी. पाटीलसुद्धा. लोटा हातात आला की पाटील आणि त्याचं कूळ सारखेच, हे मी शाळेत नाही शिकलो, ओढ्यावर शिकलो.

अल्लाबक्षाचं घर माझ्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडं. त्याला लागून गोरक्षचं. गोरक्ष शेतकरी गडी, बोलायला कंजूष. त्याची बायको चांगुणा मात्र दोघांचं एकटी बोलायची. गोरक्षच्या परसात एक आड होता आणि त्या एका आडावर ही दोन घरं पाणी भरायची. आम्ही चावडीपुढच्या विहिरीचे.

लढाईच्या दिवसांत अल्लाबक्ष नगरच्या कॅम्पात बराकी बांधायला होता. महिन्यातून दोनदा यायचा आणि आला की ओट्यावर बसून तिथल्या गोष्टी सांगायचा. साहेबांच्या बंगल्यामागं मैल्याच्या टाक्या कशा बांधतात, टाकीतलं पाणी पुढं शोषखड्ड्यात कसं मुरतं, हे तो काडीनं मातीत काढून दाखवायचा. म्हातारी लंकाबाई म्हणाली होती, जिथं खायचं तिथंच हगायचं, हे साहेबालाच शोभतं बाबा. आम्ही पोट धरून हसलो. अल्लाबक्षसुद्धा हसला.

त्याची बायको बिस्मिल्ला. बेचाळीस साली घराच्या मातीच्या धाब्यावर मिरच्या वाळत घालताना पाय निसटून खाली पडली आणि खुब्यातून मोडली. हाडवैद्यानं बसवलं तसं बसलं. त्यानंतर काठी घेऊन, एक पाय ओढत चालायची. पहाटे आणि दिवेलागणीला ती गोरक्षच्या दारात येऊन थांबायची, चांगुणा लोटा घेऊन बाहेर यायची आणि हाताला धरून तिला ओढ्याला न्यायची. बाकीच्या बाया जाऊन परत यायच्या तरी या दोघी निम्म्या वाटेत. बिस्मिल्लाला शरम वाटायची. चांगुणा म्हणायची, "अगं बये, वढा काय पळून चाललाय व्हय?"

उन्हाळ्यात अल्लाबक्ष सुट्टीवर आला होता. मी ओट्यावर होतो. चांगुणा आडावरून कळशी घेऊन आली आणि तिथंच थांबली. म्हणाली,

"मिस्त्री, सायबाला बसायला टाकी बांधता, आन् हितं तुमची बाई दुपारपास्नं पानी पीत न्हाई. संध्याकाळी मला तरास नको म्हनून."

अल्लाबक्षाला हे ठाऊक नव्हतं. तो उठून आत गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं परसात दोरी टाकली.

आता बघा, माणूस किती काटेकोर. कॅम्पातल्या ओव्हरसियरनं त्याला सांगितलं होतं, पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा पन्नास फूट लांब हवा. अल्लाबक्षानं आडापासून दोरी धरली, दुसरं टोक मला धरायला लावलं, आणि खड्डा बावन्न फुटांवर घेतला. वरचे दोन फूट चांगुणाबाईच्या नावानं, म्हणाला. विटांची टाकी, चुन्याचा गिलावा, वर शहाबादी फरशी, आणि चार कुडांचा आडोसा. सगळी वाडी बघायला लोटली. लंकाबाईनं आत डोकावून विचारलं, की आता ही घाण खालून वर तर नाही ना येणार?

भादव्यात ती खालून वर आली.

झालं असं, की बिस्मिल्लाला मुदतीचा ताप आला, टायफॉइड. एकवीस दिवस अंथरुणाला. उतरला तेव्हा तिला उभं राहायची ताकद नव्हती. आणि नेमक्या त्या आठवड्यात पावसाची झड लागली. एका सकाळी संडासातून गुडगुड आवाज आला आणि काळं पाणी कडेपर्यंत चढलं. ओढ्याला नेण्यासारखी तिची अवस्था नव्हती. अल्लाबक्ष रजा घेऊन घरीच होता. त्यानं फरशी सरकवली, आम्हाला हाका मारल्या.

कानिफनाथ नावाचा आमचा एक धाडसी गडी. तो कंदील घेऊनच आला. आमच्याकडं पेव उघडायची तीच रीत. पेव म्हणजे जमिनीतलं ज्वारीचं कोठार. आत आधी दिवा सोडायचा, विझला तर माणूस उतरवायचा नाही. अल्लाबक्षानं त्याचा कंदील काढून घेतला आणि पार रस्त्यावर ठेवून आला. पेवात दिवा विझतो, टाकीत भडकतो, म्हणाला. आणि आत कुणी उतरायचंच नाही. माझ्या चुलत्याच्या पेवात एकामागं एक दोघं गुदमरून गेले होते, त्यामुळं मी तर दोन पावलं मागंच होतो.

अल्लाबक्षानं वरूनच बांबू घालून तळ चाचपला. टाकी चांगली होती. पाणीच पुढं जात नव्हतं. मग शोषखड्डा उघडला आणि वारं खेळायला दुपारपर्यंत तसाच ठेवला. उपसून बघतो तर भिंतींना करड्या गाळाचा लेप. राख! बिस्मिल्ला रोज चुलीतली राख संडासात टाकत होती. वास येऊ नये म्हणून. परसाकडचं झालं की वर राख टाकायची, हे तिला लहानपणापासूनचं वळण. ती राख टाकीतून पुढं येऊन गिलाव्यासारखी बसली होती. अल्लाबक्ष रागावला नाही. मिस्त्री मी आणि गिलावा हिचा, म्हणाला.

पण खरवडूनही पाणी मुरेना, मुरूम पार भिजला होता. मग कमरेला दोर बांधून तो खड्ड्यात उतरला आणि खड्डा आणखी खोल घ्यायला लागला. आम्ही दोर धरून वर. चौथ्या हाताला पहार भसकन आत गेली, खाली खडकात भेग होती. तो वर आला, आम्ही टाकीचं पाणी सोडलं. भरून राहील असं वाटलेलं पाणी गुळगुळ करत खाली पळालं. क्षणात. खड्डा कोरडा. असं मी कधी पाहिलं नव्हतं. कानिफनाथानं शीळ घातली. चांगुणानं आडाचं पाणी ओतून आमचे हातपाय धुवायला लावले आणि सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. संध्याकाळी बिस्मिल्ला दाराला टेकून बसली होती आणि पेला भरून पाणी पीत होती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, घटस्थापनेच्या सुमाराला, चांगुणाला ताप भरला.

पहिले आठ दिवस ती तापातसुद्धा बोलत होती. मग बोलणं कमी झालं. श्रीगोंद्याहून डॉक्टर आणला. त्यानं मुदतीचा ताप सांगितला आणि तो पाण्यातून येतो असं म्हणाला. आडात लाल औषध टाकलं, पाणी उकळून प्या म्हणाला, गेला. त्या वेळी अल्लाबक्ष गोरक्षच्या ओट्यावर उभा होता. डॉक्टर गेल्यावरही तो तिथंच उभा होता.

एकोणिसाव्या दिवशी चांगुणा गेली. तेरावं झालं. वाडी म्हणाली, साथ होती, आली तशी गेली. उकळायचं दोन दिवस चाललं आणि मग राहिलं. सरपण कुठून आणायचं?

अल्लाबक्ष एका सकाळी माझ्याकडं आला. नगरहून हिरव्या रंगाची पुडी आणली होती, रंगारी लुगड्यांना वापरतात ती. लाल औषधाचा रंग आता ओसरलाय, म्हणाला. ही शोषखड्ड्यात टाकतो आणि आडावर लक्ष ठेवतो. मग म्हणाला, "मी वरनं मोजलं आप्पा. पानी खालनं गेलं आसंल तर?"

मी त्याला काय सांगितलं, ते मी कुणाला सांगत नाही, पण इथं लिहितो. मी म्हणालो, जाऊ दे मिस्त्री. कुणाच्या मनातसुद्धा नाही. ती परत येणार आहे का?

"ती न्हाई येनार," तो म्हणाला. "पर गोरखभाऊची पोरं त्येच पानी पित्यात."

मग तो गोरक्षकडं गेला. मी मागं. सगळं सांगितलं, पुडी दाखवली, आणि आडात रंग आला तर चांगुणाबाई माझ्यामुळं गेली, असं तोंडानं बोलला. गोरक्ष गोठ्यात वैरण टाकत होता. त्यानं हातातली पेंढी सोडली, पोरांना चावडीच्या विहिरीवर पिटाळलं आणि आडाच्या रहाटापाशी येऊन बसला.

रंग टाकला, वरून वीस बादल्या ओतल्या. बिस्मिल्लानं कॅम्पातली एक पांढरी तामचिनीची थाळी आणून दिली. गोरक्ष शेंदायचा, अल्लाबक्ष थाळीत ओतायचा, तिघं वाकून बघायचो. दुपारी स्वच्छ. दिवस मावळताना स्वच्छ. अल्लाबक्षानं त्या दिवसातला पहिला घास तेव्हा खाल्ला. मला वाटलं, सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं परसात आली आणि गोरक्षनं पहिली बादली काढली. थाळीत ओतलं. कोवळ्या मुगाच्या शेंगेसारखा रंग.

मग अल्लाबक्ष म्हणाला, "भाऊ, हिरवं हाय."

गोरक्षनं थाळी उचलली. उन्हाकडं धरून बराच वेळ पाहिली.

"मला न्हाई दिसत," तो म्हणाला. "मला पांढरंच दिसतंय, मिस्त्री."

त्यानं पाणी मातीत ओतलं, थाळी पुसून अल्लाबक्षाच्या हातात दिली. मग रहाटावरचा दोर सोडला, गुंडाळला आणि घरात नेऊन ठेवला. त्या आडाला पुन्हा दोर लागला नाही.

त्याच दिवशी अल्लाबक्षानं टाकी फोडली. स्वतः बांधलेली वीट अन् वीट पहारीनं काढली. खड्डा बुजवताना बिस्मिल्ला काठी टेकत आली आणि काठावर बसली. म्हणाली, "मलाबी टाकू द्या माती." तिनं तीन मुठी टाकल्या. त्यांच्यात कबरीवर टाकतात तशा. चांगुणाला तर आम्ही जाळली होती, तिथं बिस्मिल्लाला कुठली माती मिळणार?

अल्लाबक्ष कॅम्पात परत गेला नाही. गावातच पडेल ते काम करायचा. पहाटे आणि दिवेलागणीला बायकोच्या हाताला धरून, दुसऱ्या हातात लोटा घेऊन ओढ्याच्या बांधापर्यंत जायचा आणि पाठ करून उभा राहायचा. बाईचा लोटा धरून चाललेला पुरुष आमच्या वाडीनं पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी पारावरची पोरं हसली. लंकाबाईनं त्यांना असं काही सुनावलं, की पुन्हा हसली नाहीत. बिस्मिल्ला दुपारपासून पाणी प्यायची नाही, ते मात्र पुन्हा सुरू झालं.

एक गोष्ट मला खटकायची. गोरक्ष संध्याकाळी ओट्यावर बसलेला असायचा. ती दोघं येताना दिसली की उठून आत जायचा. रोज. मला वाटलं, राग आहे, बोलत नाही एवढंच. वर्षभरानं मी त्याला विचारलं, अजून मनात ठेवलंयस का रे?

त्यानं मळलेली तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाला, "बिस्मिल्ला माझ्या दारात थांबती, आप्पा. रोज. चांगुना लोटा घिऊन भायेर यायची, तेवढा येळ. मी बसल्याला दिसलो तर तिला थांबता येत न्हाई."