लडाखचा हिरवा दगड आणि नेपानगरचं स्थळ

गेल्या रविवारी आमच्या लोधीपुऱ्यातल्या घरी मला बघायला पाहुणे आले होते. डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून इथे लिहितेय...

मी भूगर्भशास्त्रात पीएचडी करतेय. दर उन्हाळ्यात लडाखला जाऊन तिथल्या डोंगरांतले जुने खडक तपासते. नातेवाइकांच्या भाषेत, पोरगी दगड गोळा करते.

स्थळ नेपानगरचं, मामांनी आणलेलं. मुलगा आणि त्याचे आईबाबा आले होते. मुलगा पूर्ण वेळ मोबाइलमध्ये... त्याच्या बाबांनी विचारलं, नक्की करतेस काय? मला बरं वाटलं. आतून एक हिरवट, हाताला साबणासारखा लागणारा दगड घेऊन आले.

म्हटलं, काका, हा समुद्राच्या तळाचा दगड आहे. भारत आणि आशियाच्या मध्ये एके काळी महासागर होता. भारत उत्तरेला सरकत गेला, तसा त्या महासागराचा तळ आशियाखाली जात राहिला. पण सगळा नाही गेला... काही तुकडे सुटे होऊन वर ढकलले गेले आणि दोन खंडांच्या टकरीत डोंगरात अडकून बसले. समुद्रात लाव्हा बाहेर पडला की त्याचे उशांसारखे गोळे होतात. तसले गोळे लडाखच्या कोरड्या डोंगरात मी स्वतः पाहिलेत.

काका हसले. मामांना म्हणाले, "पहाड पे समुंदर... आजकाल काय काय शिकवतात." मग माझ्याकडे वळून, "बेटा, दगडच बघायचे ना, तर आपला असीरगडचा किल्ला काय वाईट आहे? लग्नानंतर तिथे जात जा. सकाळी गेली, संध्याकाळी घरी."

सगळे हसले. माझे बाबासुद्धा. ते जास्त लागलं...

असीरगडचा दगड जमिनीवर वाहिलेल्या लाव्ह्याचा, हा वेगळा, असं सांगायला गेले तर आईने डोळे मोठे केले. तेवढ्यात मुलाची आई काहीतरी विचारायला लागली. "पण मग त्यातलं..." एवढंच बोलल्या. काका म्हणाले, "तू राहू दे. तुला काय समजणार त्यातलं." आणि बशीतला चिवडा खात बसले.

मला हसले ते मी एक वेळ सोडून दिलं असतं. हे नाही सोडवलं. मी म्हटलं, "काका, लडाखला जाणं मी बंद करणार नाही. आणि काकूंना काय विचारायचंय ते विचारू द्या."

बैठक तिथेच आटोपली. मामा अजून माझ्याशी बोलत नाहीत. आई म्हणते, जरा गोड बोलली असतीस तर काय बिघडलं असतं... मी कुणाचीही माफी मागितलेली नाही.

काल दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. त्याच काकू. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "रिश्त्याचं जाऊ दे बेटा. माझं एक विचारायचं राहिलं होतं. तळाचे तुकडे वर आले, बाकीचा तळ खाली गेला, हे समजलं. पण मग त्या समुद्राचं पाणी कुठे गेलं?"

मी खाटेवर बसूनच घेतलं. नोकरी लागेल का, पगार किती, लग्न कधी... मला आजवर हेच विचारत आलेत सगळे. पाण्याचं कोणी विचारलं नव्हतं.

सांगितलं, समुद्र अरुंद होत गेला तसं पाणी हळूहळू दुसऱ्या महासागरांकडे सरकलं. थोडं तळासोबत खालीही गेलं, खडकांतच मुरलेलं. त्या मध्येच थांबवत होत्या, पुन्हा विचारत होत्या. शेवटी मी विचारलं, हे फेसबुकवर लिहिलं तर चालेल? "लिही ना. नाव मत लिखना, बस." मग तिकडे घराचं फाटक वाजलं, "हे आले वाटतं" म्हणाल्या आणि फोन कट झाला.

राग अजून आहे. आता तो जास्त त्या घाईने ठेवलेल्या फोनचा आहे... काकू, थँक्यू. दुपारी केव्हाही फोन करा, मी उचलेन.