न पिकलेलं मीठ

माजिवड्याच्या आमच्या ऑफिसात काका माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. परदेशातल्या पोटॅशच्या खाणींची गणितं आम्ही इथे करतो. खतासाठी लागणारं पोटॅश जमिनीखालीच पाण्यात विरघळवायचं आणि ते पाणी वर खेचायचं. पण पोटॅशबरोबर त्याच थरात मिसळलेलं मीठही विरघळतं. त्यावर काकांचा एकच उपाय असतो, "अगं, पाण्याला आधी पोटभर मीठ खायला घाल. मग ते फक्त पोटॅश उचलेल, मीठ खालीच सोडेल."

काका कोपरीचे. खाडीवरचं त्यांचं मिठागर कधीच बंद पडलं. तरी मे महिन्यात आम्ही उन्हाला शिव्या घालत असताना ते गच्चीवर जाऊन येतात आणि म्हणतात, "आज काय पिकलं असतं!" मीठ 'तयार होतं' असं कुणी म्हटलेलं त्यांना चालत नाही. मीठ पिकतं.

परवा कच्च्या आकृतीत, खाली उरणाऱ्या थरावर मी 'टाकाऊ मीठ' लिहिलं. काकांनी 'टाकाऊ' खोडून तिथे 'न पिकलेलं' लिहिलं.

"अहो काका, क्लायंटला काय सांगू?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"सांग, तिथं खाली ऊन पोचत नाय."