टीव्हीकडे पाठ करून

"माझ्या हातनं काय बिघडलं नाय ना, भाऊ?"

हे त्यांचं पहिलं वाक्य. नमस्कार नाही, कसं काय नाही. काउंटरवर वस्तू ठेवायची, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि हे विचारायचं. एकदा ते दुकानात उभे असताना वीज गेली, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मी हसलो. ते हसले नाहीत.

शहरात द्वारका चौकात माझं टीव्ही-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. चार दुकानं सोडून एका ट्रान्सपोर्टच्या गोडाउनवर ते वॉचमन होते. सकाळी एसटीने पिंपळगाव बसवंतहून यायचे, संध्याकाळी एसटीनेच परत जायचे. आधी त्यांचा स्वतःचा टेम्पो होता, कांदा आणि द्राक्षं वाहायचे, हे मला कुणीतरी सांगितलं होतं. घरचा टेम्पो सोडून माणूस दुसऱ्याच्या गोडाउनवर राखण का करतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. माझं लक्ष माणसापेक्षा त्याच्या हातातल्या वस्तूकडे. असा एखादा मेकॅनिक तुमच्याही ओळखीत असेल.

त्यांनी आणली होती ती वस्तू म्हणजे व्हिडिओ गेमचा बिनवायरचा कंट्रोलर. माझ्याकडे तोवर वायरवालेच यायचे, ओढून ओढून वायर तोडलेले. याच्या पोटात दोन पेन्सिल सेल, आणि सोबत काडेपेटीएवढा रिसीव्हर, तो गेमच्या डब्याला जोडायचा. मुंबईच्या पुतण्याने दिला होता.

"पोरगं खेळतं," ते म्हणाले. "कॉटपत्तुर वायर पुरत नाय."

पोरगं म्हणजे बावीस वर्षांचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी हायवेवर अपघात झाला आणि कमरेखालचं सगळं गेलं. हे त्यांनी काउंटरच्या काचेकडे बघत सांगितलं. मग तक्रार सांगितली. खेळता खेळता कंट्रोलरचा दिवा लुकलुकतो, सिग्नल तुटतो आणि गेम थांबतो.

मी मागचं झाकण उघडलं. एक सेल नवा, एक जुना.

"दोन्ही का नाही बदलले?"

"जुन्यात जीव हाय की अजून."

ही आपल्या घराघरातली खोड. घड्याळातला सेल रिमोटमध्ये, रिमोटमधला टॉर्चमध्ये, आणि अगदीच मान टाकली तर पत्र्यावर उन्हात. मी त्यांना चांगलंच सुनावलं की जुना सेल नव्यालाही घेऊन बुडतो. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. दोन्ही सेल नवे घातले, सेलला टेकणाऱ्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, दुकानातल्या टीव्हीला गेमचा डबा जोडून तासभर चालवून पाहिलं. एकदाही तुटला नाही.

आठ दिवसांनी ते परत हजर. सेल दोन्ही नवे, तक्रार तीच. मी स्प्रिंगा ताणल्या, रिसीव्हर उघडून सोल्डरचे टाके तपासले. दुकानात उत्तम चाले, पिंपळगावला गेला की रडे. तिसऱ्या खेपेला मी चिडून विचारलं, "घराशेजारी मोबाइलचा टॉवर आहे का?"

"नाय. द्राक्षाचा बाग हाय."

चौथ्या खेपेला मी म्हणालो, "काका, एवढे हेलपाटे कशाला घालता? गेमच आहे शेवटी."

त्यांनी कंट्रोलर काउंटरवर सरळ करून ठेवला. मग म्हणाले, "गेमचं काय नाय, भाऊ. तेवढा तास मी त्याच्यापाशी बसतो. बंद पडलं की काय बोलावं ते सुचत नाय. मग मी उठतो."

येत्या सुटीला घरी येऊन बघतो, असं मी सांगितलं.

घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. पुढच्या खोलीत एका भिंतीला टीव्ही, समोरच्या भिंतीला खिडकीखाली मुलाची कॉट. मुलगा हसतमुख होता, हात चांगले चालत होते. काकूंनी चहा ठेवला. मुलाने गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला आणि ते एक स्टूल घेऊन रोजच्या जागी बसले. टीव्ही आणि कॉट यांच्या बरोब्बर मधे, टीव्हीकडे पाठ करून. त्यांना गेम बघायचाच नव्हता. ते मुलाच्या तोंडाकडे बघत होते. गाडी जिंकली की मुलाच्या चेहऱ्यावर कळायचं, तेवढं त्यांना पुरायचं.

दोन मिनिटांत दिवा लुकलुकला.

"काका, जरा उठा," मी म्हणालो. ते उठले. दिवा स्थिर झाला. "बसा." ते बसले, थोड्या वेळात लुकलुकला. "उठा." स्थिर. रिसीव्हर टीव्हीखालच्या फळीवर होता, आणि अशा सिग्नलला माणसाचं अंग आडवं येतं. दुकानात मधे कुणी बसत नव्हतं, म्हणून महिनाभर हे मला सापडलं नव्हतं. मला एवढा आनंद झाला की मी मांडीवर थाप मारून म्हणालो, "सापडला! फॉल्ट तुम्हीच आहात, काका."

कुणी हसलं नाही. मुलगा घाईने म्हणाला, "नाय, नाय, सेल उतरले असतील."

ते उभेच होते. "म्हणजे माझ्यामुळंच," ते म्हणाले. स्टूल उचलून त्यांनी भिंतीला लावलं आणि बाहेर ओट्यावर गेले.

काकू मला स्टँडच्या रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. "टेम्पो हेच चालवत होते," त्या म्हणाल्या. "डुलकी लागली. पोरगा शेजारी बसलेला. दोन वर्षं त्याच्या तोंडाकडं बघितलं नव्हतं यांनी. या गेमपायी समोर बसाया लागले होते."

परतीच्या एसटीत मला माझ्या जिभेची लाज वाटली. आणि मेकॅनिक म्हणूनही लाज वाटली, कारण उपाय साधा होता. रिसीव्हरला लांब वायर जोडायची आणि तो कॉटच्या पायाशी आणून ठेवायचा. मग मधे कुणी का बसेना.

त्या आठवड्यात ते दुकानात आले नाहीत. समोरून जाताना मान वर करत नव्हते. पुढच्या सुटीला मी वायर घेऊन पिंपळगावला गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी 'येतो आत' म्हटलं, त्यांनी नुसती मान हलवली.

वायर जोडली, रिसीव्हर कॉटच्या पायाला बांधला. मग मी स्वतःच त्यांच्यासारखा मधे स्टुलावर बसलो. मुलगा खेळत राहिला. एकदाही तुटला नाही.

"आता वडिलांना बोलव," मी म्हणालो.

मुलाने गेम थांबवला. "मला ठाऊक होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "त्यांच्यामुळं तुटतं, ते मला पयल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर ते उठले असते, परत बसले नसते."

मला हे त्यांना सांगितलंच पाहिजे असं वाटलं. ऐकून ते उठतील, आत जातील, अशीच माझी समजूत होती. ओट्यावर त्यांच्याशेजारी बसून मी मुलाचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

ते समोरच्या बागेकडे बघत होते. "म्हणजे गेम बंद पडायचा तेबी त्यानं सोसलं," ते म्हणाले. "माझ्यापायी." मग त्यांनी चपला पायात घातल्या आणि बागेच्या बांधाने चालत निघाले. मी हाक मारली. ते थांबले नाहीत.

पुढच्या महिन्यात गोडाउनवर दुसरा वॉचमन दिसला. जुना का सोडून गेला, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी मग पिंपळगावला गेलो नाही. धीर झाला नाही, हे खरं कारण.

ते बांधाने निघून गेले त्या दिवशी हत्यारं गोळा करायला मी परत आत गेलो, तेव्हा मुलाने काकूंना स्टूल मधे ठेवायला सांगितलं होतं. कंट्रोलर हातात धरून तो दाराकडे बघत होता.

"येतायत ना?" त्याने विचारलं.

"येतील," मी म्हणालो. त्या घरात मी बोललेलं ते एकच खोटं.